दोन्ही फोन पन्नासचे, मग फोटो वेगळे का?

मागच्या महिन्यात आमच्या भाचीचे लग्न झाले. मेहंदीच्या रात्री आपाचे घर पाहुण्यांनी भरलेले, अंगणात मांडव, आणि ऐन वेळी वीज गेली. इन्व्हर्टरवर दोन बल्ब तेवढे चालू राहिले. त्या उजेडात आमच्या अम्मी, म्हणजे मुलांच्या नानी, कोपऱ्यातल्या खाटेवर बसून नवरीच्या हातावरची मेहंदी निरखत होत्या. एरवी मोबाइल समोर आला की नानी पदर पुढे ओढतात. त्या रात्री त्यांचे लक्ष नव्हते. आमच्या भाच्याने आणि त्याच्या चुलतभावाने शेजारीशेजारी उभे राहून, एकाच वेळी, आपापल्या फोनवर फोटो काढले.

सकाळी चहाच्या वेळी दोन्ही फोटो पाहिले. एकात नानींच्या कपाळावरच्या रेघा, चष्म्याची दोरी, नवरीच्या तळहातावरची वेलबुट्टी, सगळे दिसत होते. दुसऱ्यात चेहऱ्यावर कोणी रवा पेरल्यासारखे दाणे आले होते, आणि मेहंदी म्हणजे नुसता काळपट डाग. गंमत अशी, की दोन्ही फोनच्या पाठीवर एकच आकडा छापलेला होता: ५० मेगापिक्सेल.

भाच्याचे तोंड उतरले. खराब फोटो त्याच्या चुलतभावाच्या फोनवरचा होता, आणि नेमका तोच फोन तो स्वतःसाठी घेणार होता. दोन वर्षे शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले आहेत. "मामू, दोन्हीकडे पन्नासच लिहिलंय. मग एकाचे पैसे कशाचे आणि दुसऱ्याचे कशाचे?" असे त्याने विचारले. प्रश्न सगळ्याच घरांचा आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्याच्या उत्तरासाठी ठेवले आहे.

आधी हे पाहू, की फोनच्या आत फोटो कुठे तयार होतो. बाहेरून दिसणाऱ्या भिंगाच्या मागे सिलिकॉनची एक छोटी चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. चांगल्या फोनमध्येही ती करंगळीच्या नखाएवढीच असते. त्या नखावर लाखो-करोडो बारीक चौकोन आखलेले असतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. पिक्सेलच्या तळाशी एक फोटोडायोड असतो. त्यावर प्रकाश पडला की वीज तयार होते; प्रकाश जास्त तर वीज जास्त. ही वीज मोजून फोन ठरवतो, की फोटोतला तो ठिपका किती उजळ दाखवायचा. पन्नास मेगापिक्सेल म्हणजे असे पाच कोटी चौकोन. एवढेच. चौकोन किती मोठे आहेत, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

आता आपल्या कोकणातले अंगण डोळ्यांसमोर आणा. पावसाचे पाणी धरायला अंगणभर कळश्या मांडल्या आहेत. पाऊस म्हणजे प्रकाश, आणि कळशी म्हणजे फोटोडायोड. कळशीचे पोट मोठे असले तरी तोंड अरुंद असते. त्यामुळे तोंडात पडेल तेवढेच पाणी आपले. दोन कळश्यांच्या मधल्या जागेत पडलेला पाऊस मातीत जातो. सेन्सरमध्ये नेमके हेच होत असे. पिक्सेलच्या चौकोनात फोटोडायोड एकटा नसतो. मोजलेली वीज बाहेर नेण्यासाठी तिथे ट्रान्झिस्टर लागतात, धातूच्या बारीक तारा लागतात. त्यांनी अडवलेल्या जागेवर पडलेला प्रकाश वाया जातो. पूर्वी व्हिडिओ कॅमेऱ्यांत जे सीसीडी सेन्सर असत, त्यांच्यातील एका प्रचलित प्रकारात तर चौकोनाचा निम्म्याहून कमी भाग प्रकाश घेऊ शकत असे. उरलेली जागा वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची असे, आणि ती मुद्दाम झाकलेली असे.

यावर उपाय काय? कळशीचे तोंड तर रुंद करता येत नाही. पण प्रत्येक कळशीवर एक नरसाळे ठेवता येते. नरसाळ्यांच्या कडा एकमेकांना टेकल्या की मधला पाऊसही घरंगळत कळशीत येतो. सेन्सरवर नरसाळ्याचे काम करते ते एक बारीक बहिर्गोल भिंग. प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एक, अशी भिंगांची सलग जाळीच सेन्सरवर बसवलेली असते. इंग्रजीतून आलेले तिचे नाव मायक्रोलेन्स अॅरे. आपण तिला सूक्ष्म भिंगांची जाळी म्हणू. जपानच्या एनईसी कंपनीतील इशिहारा आणि तानिगाकी यांनी १९८३ मध्ये सीसीडी सेन्सरवरच राळेची अशी भिंगे तयार करून दाखवली, आणि सेन्सरची प्रकाश पकडण्याची ताकद वाढली. आज खिशातल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये ही जाळी आहे. आपल्याला ती दिसत नाही, एवढेच.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोनचे बाहेरचे मोठे भिंग चित्र तयार करते. नानींचा चेहरा सेन्सरवर उमटतो तो त्याच्यामुळे. आतली सूक्ष्म भिंगे चित्र तयार करत नाहीत. त्यांचे काम फक्त आपल्या चौकोनावर आलेला प्रकाश गोळा करून मधल्या ठिपक्यावर टाकणे. भिंगाने ऊन एका जागी आणून कागद जाळण्याचा खेळ आपण सगळ्यांनी शाळेत केला आहे, हे तेच. या खेळामागचे गणितही जुने आहे. बगदादच्या दरबाराशी संबंधित गणिती इब्न सहल यांनी ९८४ च्या सुमारास आगकाच आणि आरसे यांवर एक ग्रंथ लिहिला. समांतर आलेले किरण एका बिंदूवर आणायचे तर भिंगाचा आकार कसा हवा, याची आकडेमोड त्यात आहे, आणि प्रकाश काचेत शिरताना किती वळतो याचा नियमही आकृतीतून वापरलेला आहे. युरोपात तो नियम स्नेल यांच्या नावाने ओळखला जातो, आणि स्नेल १६२१ चे.

मुलांना आणखी एक प्रश्न पडतो: एवढी बारीक भिंगे घासतो कोण? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि फोनमधला पिक्सेल एक मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे एका केसाच्या रुंदीत सत्तर भिंगे. ती घासता येत नाहीत. ती वितळवून घडवतात. ही रीत झेरॉक्स कंपनीच्या तीन संशोधकांनी १९८८ मध्ये मांडली. सपाट तळावर प्रकाशाने कोरता येणाऱ्या राळेचा थर द्यायचा, त्यातून बारीक खुंट्या कोरून ठेवायच्या आणि मग तळ तापवायचा. खुंट्या मऊ होतात. अळूच्या पानावरचा थेंब जसा आपोआप गोल होतो, तशी पृष्ठताणाने प्रत्येक खुंटी घुमटासारखी गोल होते. थंड झाली की झाले भिंग. कोट्यवधी भिंगे एकदम, आणि सगळी एकसारखी. खुंटी किती उंच आणि किती रुंद ठेवली, यावर भिंगाचा फुगवटा ठरतो. आता यात आणखी रीतीही आल्या आहेत, पण मूळ कल्पना समजायला ही पुरे.

आता नानींच्या चेहऱ्यावरच्या रव्याकडे येऊ. ते दाणे कुठून आले? प्रकाश हा पावसासारखाच थेंबाथेंबाने येतो. मुसळधार पावसात शेजारच्या दोन कळश्या सारख्याच भरतात. पण नुसते चार शिंतोडे पडले, तर एकीत तीन थेंब जातात, दुसरीत सहा, आणि तिसरी कोरडी राहते. पाऊस मात्र सगळीकडे सारखाच होता. गणित असे सांगते, की सरासरी १०० थेंब अपेक्षित असतील तर सुमारे १० चा फरक पडतो, म्हणजे शंभराला दहा. १०,००० थेंब असतील तर फरक सुमारे १०० चा, म्हणजे शंभराला एकच. नानींच्या गालाचा रंग सगळीकडे सारखा असला, तरी कमी उजेडात शेजारच्या पिक्सेलांत कमीजास्त प्रकाश मोजला जातो. एक ठिपका उजळ, दुसरा काळा. डोळ्यांना तो रवा दिसतो. यावर औषध एकच: प्रत्येक ठिपक्यासाठी जास्त थेंब गोळा करणे. चौपट प्रकाश मिळाला तर रवा निम्मा होतो. म्हणूनच त्या वाया जाणाऱ्या प्रकाशाची एवढी किंमत आहे. भर दुपारी निम्मा प्रकाश वाया गेला तरी कोणाला कळणार नाही. दोन बल्बांच्या उजेडात मात्र ते लगेच कळते.

मग प्रश्न असा, की सूक्ष्म भिंगे दोन्ही फोनमध्ये असताना एकाचा फोटो खराब का? हेच उत्तर आम्हाला भाच्याला द्यायचे होते. नरसाळे पाऊस वाढवत नाही. आपल्या वाट्याच्या जागेवर पडलेला पाऊस ते वाया जाऊ देत नाही, इतकेच. शेजारच्या अंगणातला पाऊस ते ओढून आणू शकत नाही. चौकोनच लहान असेल तर त्यावरचे भिंगही तेवढेच लहान, आणि ते कितीही चांगले असले तरी आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भाच्याने दोन्ही फोनची माहिती शोधून काढली. चांगला फोटो आलेल्या फोनचा पिक्सेल १ मायक्रॉनचा होता, दुसऱ्याचा ०.६४ मायक्रॉनचा. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण चौकोनाचे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाने वाढते. पाच कोटी चौकोनांचा हिशेब मांडला तर पहिल्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटर, दुसऱ्याचे जेमतेम २०. म्हणजे अंगण जवळपास अडीचपट. कळश्या दोन्हीकडे पाच कोटीच, पण एकीकडे अंगण मोठे आणि नरसाळी मोठी. रात्रीच्या वेळी असे फोन चार-चार पिक्सेल मिळून एक ठिपका करतात आणि पन्नासचा फोटो साडेबाराचा करून देतात. तेव्हा तर पाठीवरचा आकडा कामालाच येत नाही. कामाला येते ते अंगण.

सूक्ष्म भिंगांना आणखी एक मर्यादा आहे. पाऊस सरळ पडला तर नरसाळे छान चालते; वारा सुटून तिरका झाला तर थेंब भलत्या बाजूला जातात. सेन्सरच्या मध्यावर प्रकाश सरळ येतो, पण कोपऱ्यांत तो तिरका येतो. म्हणून कारागीर कोपऱ्यांकडची भिंगे पिक्सेलच्या बरोबर डोक्यावर न ठेवता थोडी मध्याकडे सरकवून बसवतात. २००६ मध्ये लायका कंपनीचा एम-८ हा कॅमेरा आला. जुन्या लायका भिंगांचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ येत असे, आणि कोपऱ्यात प्रकाश बराच तिरका पडत असे. त्यासाठी कोडॅकने बनवलेल्या त्याच्या सेन्सरमध्ये भिंगे अशीच सरकवलेली होती. नाहीतर फोटोचे कोपरे काळवंडले असते.

प्रकाश चारही बाजूंनी एकदम येत असेल, तर मात्र सरकवूनही उपयोग नाही. भिंग जागेच्या बाबतीत जे कमावते, ते कोनाच्या बाबतीत गमावते. सरळ येणाऱ्या किरणांना ते ठिपक्यावर आणते, आणि फार तिरके येणारे त्याच्या हातून निसटतात. हा निसर्गाचा हिशेब आहे. कोणत्याही कारागिराला तो चुकवता येत नाही.

बाकीचे प्रयत्नही चालूच राहिले. तारा फोटोडायोडच्या वरून काढून खाली नेल्या तर? म्हणजे सेन्सर उलटा करून त्याच्या पाठीवर प्रकाश घ्यायचा. सोनीने २००९ मध्ये असे सेन्सर बाजारात आणले, आणि आज फोनमध्ये बहुतेक तेच असतात. कळश्यांवरचे अडथळे निघाले, तोंडे रुंद झाली. मग भिंगे निरुपयोगी झाली का? नाही. दोन पिक्सेलांच्या मध्ये अजूनही बारीक भिंती असतात, त्यांवर पडणारा प्रकाश आत वळवावा लागतो. आणि तिरका आलेला किरण शेजारच्या पिक्सेलमध्ये घुसू नये, हेही पाहावे लागते. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा रंगाचा पडदा असतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी १९७६ पासून पेटंटवर आहे. शेजारच्याचा प्रकाश आत आला तर रंगात रंग मिसळतात, मेहंदीचा रंग मेहंदीचा राहत नाही. पुढे याच भिंगांना आणखी एक काम मिळाले. कॅननने २०१३ मध्ये ७०-डी कॅमेऱ्यात एकेका भिंगाखाली दोन फोटोडायोड बसवले. भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूने आलेल्या प्रकाशाची तुलना करून कॅमेरा पटकन ओळखतो, की समोरचे माणूस स्पष्ट दिसते आहे की नाही.

फोन घेताना या सगळ्याचा उपयोग काय? भाच्याला आम्ही चार गोष्टी लिहून दिल्या, त्याच इथे देतो.

पहिली, मेगापिक्सेलचा आकडा शेवटी पाहा. माहितीपत्रकात सेन्सरचा आकार दिलेला असतो, एक भागिले अमुक इंच असा. भागिलेच्या खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. आकार नसेल तर पिक्सेल किती मायक्रॉनचा आहे, हे शोधा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर घाई करू नका, आणि ते कोणत्या कॅमेऱ्याचे आहे तेही विचारा. पाठीवर तीन कॅमेरे असले तरी मुख्य एकच असतो.

दुसरी, बाहेरच्या भिंगाचा एफ आकडा पाहा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त आत येतो. एफ २.२ पेक्षा एफ १.८ मध्ये साधारण दीडपट येतो.

तिसरी, रात्रीचा फोटो फोन एकट्या सेन्सरवर काढत नाही. तो लागोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो, म्हणजे कळश्या जास्त वेळ पावसात ठेवतो. समोरचे माणूस स्थिर असेल तर ही युक्ती छान चालते. हात हलला, मूल पळाले, की फसते. त्यामुळे दुकानातल्या झगमगाटात ठेवलेल्या फुलदाणीचा फोटो पाहून निवड करू नका. कोपऱ्यात अंधाऱ्या जागी उभ्या मित्राला हात हलवायला सांगा आणि फोटो काढा.

चौथी फुकटची आहे. कॅमेऱ्याची काच पुसा. बोटांचे तेल तिच्यावर असले की प्रकाश आत जाण्याआधीच विखुरतो, आणि आतली कोट्यवधी भिंगे मग काही करू शकत नाहीत.

भाच्याने हिशेब केला. नवा, मोठ्या सेन्सरचा फोन त्याच्या आवाक्याबाहेर होता. पण त्याच कंपनीचा गेल्या वर्षीचा फोन, एक मायक्रॉनच्या पिक्सेलचा, त्याच्या पैशांत बसत होता. जाहिरातीत आता त्याचे नाव नाही, एवढेच. तो तोच घेणार आहे. राहिलेले पैसे त्याने परीक्षेच्या फीसाठी बाजूला ठेवले, हे आपाला फोटोपेक्षा जास्त आवडले.

हे सगळे बोलणे नानी खाटेवरून ऐकत होत्या. त्यांनी दोन्ही फोटो मागून घेतले, चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, एवढं सगळं कशाला? मला त्या बल्बखाली बसवलं असतंत तर दोन्ही चांगले आले असते." भाचा हसला, पण लगेच उठला. नानींचा हात धरून त्याने त्यांना ओटीवरच्या खिडकीशी नेले, सकाळच्या उजेडात बसवले, काच सदऱ्याने पुसली आणि चुलतभावाच्या त्याच स्वस्त फोनवर एक फोटो काढला. नानींनी या वेळी पदर ओढला नाही. चष्म्याची दोरी, कपाळावरच्या रेघा, सगळे स्वच्छ आले. आपाने दिवाणखान्यासाठी फ्रेम करायला दिला आहे तो हाच फोटो.